ब्लूज हार्मोनिकात दुसरं होल का अडतं, त्याची पार्श्वभूमी

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं संगीत, ते वाजवायला हार्मोनिका, म्हणजे माऊथ ऑर्गन, शिकायला घेतली की बहुतेक जण एकाच जागी अडतात. दुसऱ्या होलमधून श्वास आत ओढायचा आणि सूर लागतच नाही, चिरका तरी येतो नाहीतर नुसती हवा. मी कितीतरी दिवस धरून चालले होते की माझ्या पीसमधली रीडच, म्हणजे श्वासाने थरथरून सूर देणारी धातूची पातीच, खराब आलीय. रीड ठणठणीत होती. हे वाद्य ज्या कामासाठी बनलं त्याच्या उलट्या बाजूने आपण ते वाजवत असतो आणि ही उलटी रीत कुठून आली ते समजलं की रियाज नेमका कशाचा करायचा तेही समजतं.

जर्मनीत ट्रॉसिंगन नावाचं गाव आहे, तिथे माथियास होनर या घड्याळं बनवणाऱ्या माणसाने 1857 मध्ये हार्मोनिका करायला घेतल्या, पहिल्या वर्षी 650 नग झाले. ट्यूनिंग साध्या लोकगीतांसाठी होतं. सी पट्टीची हार्मोनिका घेऊन तिच्या सी सुराला सा धरा, पहिल्या चार होलमध्ये फुंकलं तर सा ग प सा, आत ओढलं तर रे प नी रे. म्हणजे कुठेही फुंका, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे जुळते सूर, बरोबरच येणार. पण खालच्या सप्तकात म आणि ध नाहीतच, कॉर्ड जुळावी म्हणून तिथे प दोनदा ठेवलाय. 1896 मध्ये होनरची मरीन बँड आली, दहा होल, वीस रीड, आत कप्पे पाडलेली लाकडी चौकट (कोम्ब). गिटारपेक्षा कितीतरी स्वस्त आणि खिशात मावणारी, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत शेतावर, रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांच्या हाती ती सहज पोचली.

आणि त्यांनी ती फिरवली! फुंकण्याऐवजी ओढण्यावर भर दिला आणि पंचमालाच सा मानलं. आता मोजून बघा, ओढल्यावर पहिल्या चार होलमध्ये प सा ग प आणि पाचव्यात आयता कोमल नी. यालाच सेकंड पोझिशन किंवा क्रॉस हार्प म्हणतात. म्हणजे जे दुसरं होल आपल्याला छळतं तोच आपला षड्ज आहे, त्याला वळसा घालून पुढे जाताच येत नाही.

बाकीचे गायब सूर त्यांनी बेंड करून, म्हणजे सूर खाली वाकवून, काढले. आपल्याकडे पेटीवर कायम हाच आक्षेप राहिला की रीडचं वाद्य, त्यात मींड निघत नाही, आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती. हार्मोनिका त्याच फ्री रीडच्या घराण्यातली, पण तिच्यात एकाच कप्प्यात दोन रीड समोरासमोर असतात, एक फुंकायची, एक ओढायची. जीभ मागे खाली नेऊन तोंडाची पोकळी मोठी केली की ओढायच्या रीडबरोबर दुसरीही बोलायला लागते आणि सूर खाली घसरतो. तिसऱ्या होलवर शुद्ध ग पासून खाली कोमल ग, रे, कोमल रे एवढं सगळं मिळतं आणि ब्लूजचा खरा सूर दोन ग च्या मधे कुठेतरी बसतो. जोरात ओढून काही होत नाही, हे घशाचं आणि जिभेचं काम आहे, गाण्यासारखंच.

अशाच वादकांपैकी एक डीफोर्ड बेली, जन्म 1899, अमेरिकेतलं टेनेसी राज्य. लहानपणी पोलिओ झाला, अंथरुणावर पडून हार्मोनिका शिकला, आगगाडीचे आवाज ऐकून ऐकून तिच्यात उतरवले. 1927 मध्ये त्याने पॅन अमेरिकन नावाच्या गाडीवरची धून रेकॉर्ड केली. ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाचा तो सुरुवातीचा स्टार, तरी 1941 मध्ये त्याला काढून टाकलं आणि मग तो बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत नाव लागलं ते 2005 मध्ये, तो जाऊन 23 वर्षं झाल्यावर. हे वाचलं की मला अजून राग येतो. त्याची ती गाडी ऐका, नुसत्या आत-बाहेर श्वासाच्या कॉर्डवर ताल धरलाय, नवशिक्याला याहून चांगला धडा नाही.

जॉन ली विल्यमसन म्हणजे सनी बॉय हे नाव लावणाऱ्या दोन वादकांपैकी पहिला, त्याने 1937 पासूनच्या रेकॉर्डमध्ये हार्मोनिका साथीतून पुढे आणली, ओळ गायची आणि तिचं उत्तर हार्मोनिकाने द्यायचं. 1948 मध्ये शिकागोत त्याचा खून झाला, वय फक्त 34. दुसरा सनी बॉय, राइस मिलर, 1941 पासून आर्कान्सातल्या हेलेना गावच्या रेडिओवर वाजवायचा आणि ते ऐकून जेम्स कॉटन नावाचा लहान मुलगा त्याच्याकडे जाऊन शिकला, अगदी गुरूघरी राहून शिकल्यासारखं.

मग लिटल वॉल्टर. त्याने साधा माइक हार्मोनिकासकट ओंजळीत दाबून धरला, अँप्लिफायरचा आवाज फाटेपर्यंत नेला आणि सॅक्सोफोनसारखी जाड, लांब वाक्यं वाजवली. 1952 ची त्याची ज्यूक ही धून बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत आठ आठवडे पहिली होती. माझ्या मते आज जगभर जे शिकवतात त्यातलं निम्मं तरी तिथून आलंय.

पुस्तकं उशिरा आली, टोनी ग्लोवरचं 1965 मध्ये. त्याआधी आणि नंतरही लोक रेकॉर्ड अर्ध्या स्पीडवर लावून एकेक सूर शोधायचे, पट्टी तीच राहते, फक्त सप्तक खाली जातं. 2007 पासून अ‍ॅडम गसो या हार्मोनिकावादकाने यूट्यूबवर फुकट धडे टाकले आणि पुण्यात किंवा नाशकात बसूनही शिकता यायला लागलं.

फक्त विकत घेताना बघा. दुकानात माऊथ ऑर्गन मागितला की बरेचदा दोन ओळींचा ट्रेमोलो हातात देतात, त्यात प्रत्येक रीडला वेगळा कप्पा असतो, त्यामुळे वर सांगितलेला बेंड त्यात निघतच नाही. दहा होलची डायटोनिक, म्हणजे मरीन बँडसारखी एकाच पट्टीची, मागा, सी मधली.