अपडेट केव्हा थांबवावे आणि केव्हा थांबवू नये
(रत्नागिरी परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आंब्याच्या हंगामात बिलिंगच्या संगणकावर अपडेटची सूचना आली, की "पाऊस पडल्यावर बघू" असे आमचे अनेक ग्राहक सांगतात. बागायतदार, काजू कारखानदार आणि लॉजचालक यांची अडचण आम्हांला समजते. परंतु प्रत्येक अपडेट सारख्याच निकडीचे नसते, म्हणून हा खुलासा.

बेरीज चुकणे, छपाईत रकाना सरकणे यांसारखे बग सॉफ्टवेअर कंपनी नोंदवून घेते, स्वतःकडे पुन्हा घडवून पाहते आणि किती जणांचे काम अडते यावरून त्यांचा क्रम लावते. किरकोळ बग पुढच्या आवृत्तीपर्यंत राहतो, आणि ते बहुधा योग्यच असते, कारण एका ठिकाणी केलेल्या बदलाने दुसरीकडचे सुरळीत काम बिघडू शकते.

सुरक्षेच्या त्रुटीचे, म्हणजे हल्लेखोराला संगणकात शिरू देणाऱ्या उणिवेचे, तसे नाही. पॅच (ती त्रुटी बुजवणारे अपडेट) तयार होईपर्यंत कंपनी तिची वाच्यता सहसा करत नाही. त्रुटी शोधणारे संशोधकही ती जाहीर करण्यापूर्वी कंपनीला दुरुस्तीसाठी मुदत देतात, जशी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाची ९० दिवसांची. पॅच निघाल्यावर मात्र हल्लेखोर जुन्या आणि नव्या फाइली ताडून पाहतात व नेमके काय बदलले यावरून त्रुटी हुडकतात, त्यामुळे पॅच न घेतलेल्या संगणकाचा धोका त्यानंतर उलट वाढतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील अशीच एक त्रुटी दुरुस्त केली होती. तरीही १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा) प्रोग्राम तिच्याच आधारे जगभर पसरला.

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री, येतात. ते आम्ही प्रथम आमच्या संगणकावर चालवून पाहतो, कारण अपडेटही सदोष असू शकते: १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्यानंतर तुमच्या माहितीचा बॅकअप घेऊन, दुकान बंद झाल्यावर, आम्ही पॅच बसवतो. ऐन हंगामातही हे काम आम्ही पुढे ढकलत नाही.

विंडोज १० साठीचे नियमित पॅच १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले आहेत. असे संगणक अजून वापरात असतील, तर आम्हांला अवश्य कळवावे.

अपडेट चालू असताना वीज गेल्यास विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. पावसाळ्यातील आपली वीज सर्वांना ठाऊक आहे. यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच तपासून घ्यावी.