वेब मालिकेचा पैसा : सावकारी कर्जापासून यूट्यूबच्या वाट्यापर्यंत

कोल्हापुरात वेब मालिका काढायला निघालेल्या चमूचं कॅमेऱ्यावाचून सहसा अडत नाही. कॅमेरा भाड्याने मिळतो, मोरेवाडीला चित्रनगरी आहे आणि एकांकिका स्पर्धांतून तयार झालेली नटमंडळी गावात भरपूर. गाडी अडते ती दोन ठिकाणी. चित्रीकरणाआधी पैसा कोण घालणार, आणि मालिका चाललीच तर ती कोणाच्या मालकीची?

हे प्रश्न या गावाला शंभर वर्षांचे जुने आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा परदेशी कॅमेरा मिळत नव्हता म्हणून तो इथेच घडवला. भांडवलाचं तसं करता येईना. ते दिलं तानीबाई कागलकर या गायिकेने, आणि दरबाराचा आधार होता शाहू महाराजांचा. त्यातून १९२०मध्ये ‘सैरंध्री’ आला. १९२९मध्ये त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी ‘प्रभात’ काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे कसबी, तर पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी पैसा आणणारे. कसब आणि भांडवल दोन्ही भागीदारीत आल्यामुळे चित्रपटांची मालकी कंपनीतच राहिली, आणि १९३३मध्ये पुण्याला जाताना ‘प्रभात’ आपले चित्रपट सोबत घेऊन गेली. पुढे वितरक आगाऊ रक्कम देऊ लागला, म्हणजे चित्रपटसृष्टीतली ‘मिनिमम गॅरंटी’. निर्मात्याची जोखीम कमी झाली, पण गल्ल्यावरचा पहिला हक्क वितरकाकडे गेला. आजचा ओटीटी करार वाचताना ही जुनी पद्धत डोळ्यांपुढे असली की बरंच काही आपोआप कळतं.

इंटरनेटवरच्या मालिकांना सुरुवातीला असा वितरकही नव्हता. यूट्यूब २००५मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी गूगलने ते १६५ कोटी डॉलरला घेतलं, पण व्हिडिओ टाकणाऱ्याला त्यातून दमडीही मिळत नव्हती. जाहिरातीचा पैसा निम्मा-निम्मा वाटून घेणाऱ्या ‘रेव्हर’ आणि ‘ब्लिप’सारख्या लहान कंपन्या त्याच सुमाराच्या. २००६मधली ‘लोनलीगर्ल१५’ ही अमेरिकी मालिका एका मुलीच्या खऱ्याखुऱ्या व्हिडिओ डायरीचं सोंग घेऊन आली. सोंग उघडं पडल्यावरही ती चालू राहिली, आणि २००७मध्ये एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या पैशाने त्या कंपनीचा शास्त्रज्ञ चक्क पात्र म्हणून कथेत शिरला. वेब मालिकेतली पैसे घेऊन केलेली घुसवणूक इतकी जुनी आहे.

त्याच वर्षीची ‘द गिल्ड’ जास्त शिकवणारी. फेलिशिया डे यांनी ती पदरमोड करून सुरू केली. पैसे संपल्यावर मालिकेच्या संकेतस्थळावर देणगीचं बटण लावलं आणि पहिल्या हंगामाचे उरलेले भाग प्रेक्षकांच्या पैशातून पुरे केले. दुसऱ्या हंगामाला मायक्रोसॉफ्ट आणि स्प्रिंट मिळाले. त्याआधी ज्यांना मालिकेचे हक्क हवे होते, त्यांना डे यांनी नकार दिला होता. हक्क हातात होते म्हणूनच दुसऱ्या हंगामाचा सौदा बरोबरीने झाला.

मे २००७मध्ये यूट्यूबने निवडक चॅनेलांना जाहिरातीत वाटा द्यायला सुरुवात केली. या ‘पार्टनर प्रोग्राम’चे नियम पुढे बदलत गेले आणि प्रत्येक बदलासरशी मालिकांचा घाट बदलला. एप्रिल २०१७मध्ये एकूण १० हजार व्ह्यूजची अट आली. आक्षेपार्ह व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसतात म्हणून बड्या जाहिरातदारांनी त्याच सुमारास हात आखडता घेतला होता. २०१८च्या सुरुवातीला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम (प्रेक्षकांनी पाहिलेला एकूण वेळ) ही अट लागली. २०२३मध्ये ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि १२ महिन्यांत ३,००० तास अशी एक खालची पायरी आली. मात्र त्या पायरीवर मेंबरशिप (प्रेक्षकाची मासिक वर्गणी) आणि सुपर चॅट (थेट प्रक्षेपणात पैसे देऊन टाकलेला संदेश) मिळतं, जाहिरातीचा वाटा नाही. नवे चमू नेमके इथे फसतात आणि ‘मॉनेटाइज झालं’ म्हणून पेढे वाटून मोकळे होतात.

वाट्याचं प्रमाण असं: लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीत निर्मात्याला ५५ टक्के, शॉर्ट्सला ४५, मेंबरशिप आणि सुपर चॅटमध्ये ७०. ‘यूट्यूब स्टुडिओ’ या चॅनेलच्या हिशेबाच्या पानावर दिसणारा ‘सीपीएम’ हा जाहिरात हजार वेळा दाखवण्यासाठी जाहिरातदाराने मोजलेला दर असतो. खर्चाचा ताळा ‘आरपीएम’शी घालायचा, कारण हजार व्ह्यूजमागे खरोखर हातात येणारी रक्कम ती. हिशेबापुरता आरपीएम ₹२५ धरा आणि एका भागाचा खर्च ₹४०,०००. तेवढ्यासाठी १६ लाख व्ह्यूज लागतील, एका भागाला. सुरुवातीचे भाग जाहिरातीवर सुटत नाहीत ते यामुळे. जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. मराठी प्रेक्षकासाठी बोली लावणारे कमी असले की दर पडतो. अमेरिकेत किंवा आखातात बसलेला मराठी प्रेक्षक त्याच भागाला जास्त मिळवून देतो. दिवाळीपर्यंत दर चढतो आणि जानेवारीत आपटतो, म्हणून नवा हंगाम जानेवारीत सोडणं बहुधा आतबट्ट्याचं.

भागाची लांबीही पैशानेच ठरवली. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालायची तर तो १० मिनिटांचा लागे. जुलै २०२०पासून ही मर्यादा ८ मिनिटांवर आली. आधीच्या मराठी मालिकांत शेवटी गाडी उगाच वळणावळणाने जाताना दिसते किंवा मागच्या भागाची उजळणी लांबते, त्यामागे दर वेळी दिग्दर्शकाचा सोस नसतो. जाहिरात कुठे पडेल ते यंत्रावर सोडलं तर विनोदाच्या ऐन टोल्यावर ती येऊन बसते. जागा हाताने ठरवावी, प्रसंग संपून पुढचा सुरू होतो तिथे, आणि चित्रपटाला मध्यंतर लिहितात तशी ती संहितेतच लिहावी.

भारतात मात्र गाडी रुळावर आणली ती प्रायोजकाने. २०१४मध्ये ‘टीव्हीएफ’ या निर्मितीसंस्थेने ‘पर्मनंट रूममेट्स’ काढली. तिच्यामागे घरं शोधून देणाऱ्या संकेतस्थळाचा पैसा होता आणि कथा होती एकत्र राहू पाहणाऱ्या जोडप्याची. २०१६मधल्या ‘ट्रिपलिंग’मध्ये तर तीन भावंडांचा प्रवास टाटा टियागोतूनच झाला. वस्तू कथेच्या मुळाशी बसली की प्रेक्षक कुरकुरत नाही. पात्र अचानक पुडी कॅमेऱ्याकडे वळवून तिचे गुण सांगू लागलं की खालच्या प्रतिक्रियांत उद्धार होतो आणि पुढच्या हंगामाचा प्रायोजक त्याच वाचतो. मराठीत ‘भाडिपा’ ही यूट्यूब वाहिनी २०१६पासून शहरी प्रेक्षक घेऊन उभी राहिली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि गावातला प्रेक्षक वाढला. साताऱ्याकडच्या ‘कोरी पाटी’ या निर्मितीसंस्थेच्या ‘गावाकडच्या गोष्टी’ त्यावरच फोफावल्या. या ग्रामीण मालिका शे-दीडशे भाग चालतात, कारण जाहिरातीचा वाटा दर आठवड्याच्या हजेरीवर मिळतो. कथा संपवणं हा तिथे तोट्याचा सौदा आहे.

कोल्हापुरातला प्रायोजक म्हणजे सराफ, बांधकाम व्यावसायिक, मसाले आणि चटणीवाले, चपलांचे दुकानदार, क्लासवाले. व्यवहार ओळखीवर ठरतो आणि बिनसतोही त्यामुळेच. करारात चार गोष्टी हव्यात. वस्तू किती भागांत आणि साधारण किती सेकंद दिसेल. मंजुरी संहितेला, चित्रीकरणाआधी. तयार भागात फक्त नाव-पत्त्यासारखी चूक दुरुस्त करायची, नाहीतर एका वाक्यासाठी पुन्हा सगळा चमू गोळा करावा लागतो. निम्मी रक्कम सहीबरोबर आणि उरलेली भाग प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक दिवसांत. व्ह्यूजच्या आकड्याला रक्कम बांधून घेऊ नये, तो आकडा आपल्या हातात नसतो. आणि त्याच धंद्यातल्या दुसऱ्याची जाहिरात किती महिने घ्यायची नाही, तेही लिहून. प्रायोजकाला दिवाळी गाठायची असते, तर इथे जून ते सप्टेंबर पाऊस. पन्हाळ्यावर या दिवसांत सकाळचं धुकं दुपारपर्यंत उठेलच असं नाही आणि एका प्रसंगातले दोन शॉट जुळत नाहीत. बाहेरचे प्रसंग मेअखेर उरकून पावसाळ्यात घरातले घ्यावेत. पन्हाळगड पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे, त्याची परवानगी आयत्या वेळी मिळत नाही. अंबाबाईच्या देवळासाठी देवस्थान समितीकडे आणि रंकाळ्यासाठी महापालिकेकडे जावं लागतं.

पैसे घेतले असतील तर ते सांगावं लागतं. अपलोड करताना ‘पेड प्रमोशन’ची खूण करायची, आणि जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पडद्यावर स्पष्ट लेबल द्यायचं.

हातात किती येतात त्याचा हिशेब सहीआधी मांडावा. प्रायोजकाशी ₹१,००,०००चं ठरलं, आपण जीएसटी नोंदणीकृत आहोत, तर बिल ₹१,१८,०००चं. व्यावसायिक सेवा धरून मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापायचा आयकर) कापला, तर बँकेत ₹१,०८,००० येतात. त्यातले ₹१८,००० सरकारचे. राहिले ₹९०,०००, आणि कापलेले दहा हजार विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतात. तेच जाहिरातीचं कंत्राट धरलं तर कपात व्यक्तीला १ आणि कंपनीला २ टक्के, म्हणून काय धरणार ते आधी विचारून घ्यावं. वस्तूच्या रूपातला मोबदलाही २०२२पासून टीडीएसमध्ये आला आहे. गुजरीतल्या सराफाचे दागिने चित्रीकरणानंतर परत गेले तर प्रश्न नाही. ठेवून घेतले आणि वर्षाची किंमत ₹२०,०००च्या वर गेली तर मोठी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला १० टक्के टीडीएस भरावा लागतो. यूट्यूबचा पैसा गूगलच्या अॅडसेन्स खात्यातून येतो. १० डॉलर जमले की पत्त्यावर पडताळणीचा पिन येतो, १०० डॉलर झाले की रक्कम महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान सुटते. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नसेल तर ती अडकते. अमेरिकी कराचा फॉर्म भरला नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. फॉर्म भरून भारत-अमेरिका कर-करारातली सवलत मागितली, तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५.

कमाई बुडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट संगीत. व्हिडिओतलं दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आपोआप ओळखणारी यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा २००७पासून आहे. मिरवणुकीच्या प्रसंगात मागे ध्वनिवर्धकावर चित्रपटातलं गाणं वाजत असेल, तर काही सेकंदांसाठी भागाची कमाई कंपनीच्या खात्यात जाते. संवादाखाली मिसळलेलं गाणं नंतर सफाईने वेगळं निघेलच असं नाही, काढताना संवादही बिघडू शकतो. मिरवणूक नि:शब्द घ्यावी. हलगी आणि लेझीम आपल्या वादकांकडून वेगळी ध्वनिमुद्रित करावी, त्यांची लेखी संमती घेऊन.

लोकवर्गणीची वाटही आहे. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी ₹२ घातले आणि १९७६मध्ये ‘मंथन’ झाला. त्यामागे सहकारी संघाची वसुलीची यंत्रणा होती. ती नसताना वेबवर वर्गणी मागणाऱ्या मराठी चमूला पैसे बहुधा ओळखीपाळखीतून येतात, आणि ते एकदाच येतात. राज्य सरकारचं मराठी चित्रपट अनुदान सेन्सॉर प्रमाणपत्र घेऊन चित्रपटगृहात लागलेल्या चित्रपटांसाठी आहे. वेब मालिकेने त्यावर डोळा ठेवू नये.

उरला प्लॅटफॉर्म. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६मध्ये भारतात आले. मराठीत ‘आणि काय हवं’ २०१९ला आणि ‘समांतर’ २०२०ला एमएक्स प्लेअरवर आली. प्रेक्षकाला फुकट, पैसा जाहिरातीचा. २०२१ला प्लॅनेट मराठी आलं. इथे करार दोन जातींचे. ‘कमिशन’मध्ये प्लॅटफॉर्म खर्च आणि ठरलेला नफा देतो, आणि मालिका त्याची होते. ‘लायसन्स’मध्ये मालिका आपली, ती ठरावीक वर्षं दाखवण्याचे पैसे. पहिल्यात झोप लागते. दुसऱ्यात पाच वर्षांनी पुन्हा विकायला काही उरतं. छोट्या चमूने पहिला हंगाम शक्यतो लायसन्सवरच द्यावा, आगाऊ रक्कम कमी मिळाली तरी.

कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाची पोटकलमं इथे उपयोगी पडतात. हक्क दिले पण मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर; हे पोटकलम १९(४). म्हणूनच छापील मसुद्यात ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द आणि १९(४) लागू नाही असं वाक्य आढळतं. सही करण्याआधी हे तिन्ही शोधून त्यांवर घासाघीस करावी. दुसरा हंगाम, इतर भाषांतली आवृत्ती आणि चित्रपट हे हक्क वेगळे नोंदवून आपल्याकडे ठेवावेत. लेखकाशी आणि नटांशी आपलेही करार लेखी हवेत. त्यांच्याकडून घेतलेच नाहीत ते हक्क पुढे विकता येत नाहीत, आणि प्लॅटफॉर्मचा वकील पहिल्यांदा तेच कागद मागतो.

कंपन्याही हात बदलतात. एमएक्स प्लेअर २०१८मध्ये टाइम्स इंटरनेटकडे आणि २०२४मध्ये अॅमेझॉनकडे गेलं. ‘ब्लिप’ तर २०१५मध्ये बंदच झालं. त्यामुळे करारात दोन कलमं वेगळी मागावीत: प्लॅटफॉर्म बंद पडला किंवा हप्ता ९० दिवस थकला तर हक्क आपोआप परत, आणि मास्टर फाइल, संवाद व संगीताचे वेगवेगळे ट्रॅक, सबटायटल यांची एक प्रत कायम आपल्याकडे.