पार्श्वभूमी: पंखातून बाहेर येणारा हात

25 एप्रिल 1937. पॅरिसजवळच्या व्हँसेनला लाखभर माणसं माना वर करून उभी होती. अमेरिकेतल्या मिशिगनचा क्लेम सोन, वय 26, हातापायांमध्ये कापडी पंख ताणून विमानातून बाहेर पडला. 1935 मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर त्याने हे पंख पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवले होते, आणि त्या दिवशीही पंखांनी त्याला साथ दिली. पॅराशूट उघडायची वेळ आली तेव्हा मात्र ते गुंतलं. त्याने राखीव पॅराशूट ओढलं, तेही गुंतलं. जमावाच्या डोळ्यांदेखत तो जमिनीवर आदळला.

विंगसूटचा, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेल्या पोशाखाचा, इतिहास बहुतेक वेळा पंखांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कापड कोणतं, आकार केवढा, किती लांब उडाला, हेच त्यात असतं. या खेळातले अपघात वाचत गेलं की मला तो हाताचा इतिहास वाटू लागतो. पंख पसरणारा हात शेवटी त्याच पंखातून मोकळा होऊन पॅराशूटच्या हँडलपर्यंत पोचला पाहिजे. आज कोणी विंगसूट शिकतो, किंवा एका सूटवरून दुसऱ्या सूटवर जातो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो.

सोनच्या आधीच्यांमध्ये फ्रान्झ रायशेल्टचं नाव नेहमी घेतलं जातं. तो पॅरिसमधला शिंपी. 4 फेब्रुवारी 1912 ला आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून, सुमारे 57 मीटरवरून, स्वतः शिवलेला पोशाख घालून त्याने उडी घेतली आणि जीव गमावला. पण तो पोशाख अंगावर घालायचं पॅराशूट होतं, तो उडण्यासाठी शिवलेलाच नव्हता. त्यामुळे या वंशावळीत त्याची जागा जरा बाजूलाच.

फ्रान्सच्या लेओ व्हालांतँची जागा मात्र पक्की आहे. कापडावर भागेना म्हणून तो लाकडी, ताठ पंखांकडे वळला. 21 मे 1956 ला इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या हवाई प्रात्यक्षिकात विमानातून निघतानाच त्याचा पंख विमानाला लागला आणि मोडला. मग पॅराशूटनेही साथ दिली नाही, आणि तो गेला. विमानातून बाहेर पडणं आणि पॅराशूट उघडणं, हे दोन क्षण तेव्हा जिवावर बेतत होते आणि आजही शिकवणीचा सर्वांत मोठा भाग त्यांच्यासाठीच राखलेला असतो. मधलं उडणं त्यामानाने लवकर जमतं.

खरा बदल झाला 1990 च्या दशकात, आणि तो पात्रिक द गायार्दाँ या फ्रेंच स्कायडायव्हरने, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारणाऱ्याने, घडवला. तोवर चौकोनी पॅराशूट सर्रास वापरात आलं होतं. दोन थरांचं कापड, मध्ये उभे पडदे, पुढे हवेची तोंडं. हवा आत शिरली की कापड स्वतःच फुगून ताठ होतं. हीच युक्ती त्याने पोशाखात आणली. दोरीवर वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यात वारा शिरला की तो कसा टरारून फुगतो, ते आठवा. दोन्ही हातांखाली एकेक आणि पायांमध्ये एक, असे तीन अभ्रे. नळी नाही, लाकूड नाही, म्हणजे मोडायला काही नाही, आणि हात अंगाशी घेतला की पंखही मिटतो. साधा स्कायडायव्हर पोटावर पडताना ताशी 190 ते 200 किलोमीटरने खाली येतो. चांगल्या सूटमध्ये हाच वेग 100 च्याही बराच खाली जातो आणि प्रत्येक मीटर उतरताना माणूस दोन-अडीच मीटर पुढे सरकतो. मिनिटभरात संपणारी उडी दोन-तीन मिनिटं पुरते.

(कापड हवेत कसं वागतं याचं मराठी उदाहरण हवं तर पुण्याच्या शीतल महाजन यांचं घ्या. 2018 मध्ये त्यांनी थायलंडमध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी घेतली. ती विंगसूटची उडी नव्हती. पण अंगावरचा जादा कापडाचा प्रत्येक हात वाऱ्याला धरायला जागा देतो आणि तो आधी जमिनीवर बंदोबस्तात ठेवावा लागतो, एवढं त्यावरून नक्की कळतं.)

13 एप्रिल 1998 ला हवाईमध्ये गायार्दाँचा मृत्यू झाला. सूट सदोष नव्हता. पाठीवरच्या पॅराशूटच्या कंटेनरमध्ये त्याने नवा बदल केला होता, त्याची चाचणी चालू होती, आणि त्या बदलाच्या जोडणीत चूक राहिली होती. जगात या विषयातलं त्याच्याइतकं कळणारा माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. आपल्या ओळखीच्या सामानात केलेला एक नवा बदल त्याचा जीव घ्यायला पुरला. सूट बदलायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग सविस्तर वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेचनिक यांनी ‘बर्डमॅन’ ही कंपनी काढली. ‘क्लासिक’ नावाचा त्यांचा सूट कोणाही अनुभवी स्कायडायव्हरला विकत मिळू लागला. माझ्या लेखी कुओस्माचं मोठं काम त्या सूटपेक्षाही वेगळं आहे. त्याने सूटबरोबर शिकवणारी माणसं तयार केली. प्रशिक्षकांचा ठरीव अभ्यासक्रम आला, पहिल्या उडीत काय करायचं त्याचा क्रम आला, आणि किमान 200 उड्यांची अट रुळली. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमांत ती आज सक्तीची आहे. क्लेम सोनला विचारायला कोणी नव्हतं. 2000 नंतर शिकणाऱ्याला विचारायला माणूस मिळाला.

ही 200 उड्यांची अट अनेकांना जाचक वाटते. तिच्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. आपण म्हणतो ना, एखाद्या कामावर हात बसतो, तो हात या 200 उड्यांत बसतो. पायलट चूट, म्हणजे मोठं पॅराशूट बाहेर खेचणारी छोटी छत्री, कंटेनरच्या तळाशी उजवीकडे खोचलेली असते. साध्या उडीत हात मागे गेला की हँडल सापडतं, डोळ्यांची गरज लागत नाही. विंगसूटमध्ये तोच हात फुगलेल्या पंखाला दाबत मागे न्यावा लागतो. त्याच वेळी डावा हातही तेवढाच आत घ्यायचा, नाहीतर एकच पंख मिटतो आणि अंग गरकन वळतं. पायांमधला पंखही मिटायचा, कारण त्याच्यामागे हवेची पोकळी तयार होते आणि पायलट चूट तिच्यात लोळत राहू शकते. पॅराशूट उघडलं तरी काम संपत नाही. हातांच्या झिप सोडल्याशिवाय डोक्यावरच्या ब्रेकच्या, म्हणजे पॅराशूट वळवायच्या आणि वेग कमी करायच्या, दोऱ्यांपर्यंत हात पोचत नाहीत. हे सगळं चार-पाच सेकंदांत, न गोंधळता करायचं असतं.

विमानाच्या दारातही हाच संयम लागतो. बाहेर पडताच पंख उघडला तर माणूस वर उचलला जाऊन विमानाच्या शेपटीवर आदळू शकतो. म्हणून पहिले एक-दोन सेकंद पंख मिटलेलेच ठेवायचे, आणि शेपूट वरून गेली की पसरायचे. व्हालांतँ ज्या जागी फसला, जवळपास तीच ही जागा.

बर्डमॅननंतर बाजार फुलला. पेचनिकने पुढे ‘फिनिक्स-फ्लाय’ काढली, फ्लोरिडातल्या झेफरहिल्समध्ये टोनी उरागालो सूट शिवू लागला, नंतर ‘स्क्विरल’ आली. प्रत्येकाची चढती श्रेणी होती. फिनिक्स-फ्लायचा ‘फँटम’ सुरुवातीच्या उडणाऱ्यांसाठी, ‘व्हॅम्पायर’ मुरलेल्यांसाठी. स्क्विरलचा ‘स्विफ्ट’ नवख्यांसाठी. ‘फ्रीक’ कसरतींसाठी, म्हणून त्याला पाठीच्या बाजूनेही हवेची तोंडं, म्हणजे उताणं उडतानाही पंख फुगलेला राहतो. आणि ‘ऑरा’सारखे मोठे सूट लांब पल्ल्यासाठी. जागतिक हवाई क्रीडा महासंघाने स्पर्धा सुरू केल्या. 2016 मध्ये झेफरहिल्सला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. एक किलोमीटर उंचीच्या ठरलेल्या पट्ट्यात कोण जास्त वेळ टिकतो, कोण जास्त लांब जातो, कोण जास्त वेगाने जातो, असे तिचे तीन प्रकार. या चढाओढीने सूट मोठे होत गेले, आणि मोठ्या सूटचं आकर्षण नवख्यांपर्यंत उतरलं.

नेमकं इथेच मोठी चूक होते. छोट्या सूटमध्ये तळहात मोकळा असतो. मोठ्यात पंख तळहाताच्या पुढे जातो, बोटं त्याची कड धरून असतात, आणि मागे हात नेला तर हँडलऐवजी आधी कापडच मुठीत येतं. सूट हार्नेसला, म्हणजे पॅराशूट अंगाला बांधणाऱ्या पट्ट्यांना, जोडायची पद्धतही मॉडेलप्रमाणे बदलते; एकाची झिप कुठे, दुसऱ्याची कुठे. छोट्या सूटमध्ये गिरकी लागली तर हातपाय आवळून ती बहुधा मोडता येते. मोठ्यात तीच गिरकी सपाट आणि जोरदार होते, आणि आवळायला कापडही जास्त असतं.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. सर्वत्र वापरलं जाणारं ‘सायप्रेस’ हे स्वयंचलित उपकरण ठरावीक उंचीखाली माणूस सेकंदाला 35 मीटरपेक्षा, म्हणजे ताशी 126 किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने पडत असेल तरच राखीव पॅराशूट उघडतं. विंगसूटमध्ये बेशुद्ध झालेला माणूसही त्याहून हळू पडू शकतो, आणि मग उपकरण गप्प राहतं. विंगसूटसाठी वेगळी उपकरणं पुढे आली ती याच अनुभवातून. सूट जितका मोठा आणि तरंगता, तितका या जुन्या पहारेकऱ्यावरचा भरवसा कमी.

डोंगरकड्यांवरून घेतलेल्या उड्यांनी विंगसूट जगभर पोचवला. 2006 मध्ये ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वान या ऑस्ट्रेलियन जोडप्याने गढवालमधल्या मेरू शिखरावर 6,604 मीटर उंचीवरून झेप घेतली. बळीही कड्यांवरच जास्त गेले. मे 2015 मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत डीन पॉटर आणि ग्रॅहम हंट, 2017 मध्ये नेपाळच्या अमा दब्लमवर व्हॅलेरी रोझोव्ह. तिथे चुकीला पुरेशी उंचीच नसते. शिकणाऱ्याने आणि सूट बदलणाऱ्याने विमानातूनच, भरपूर उंचीवरून उडावं असं जाणती माणसं सांगतात ते यासाठीच.

नवा सूट हाती आला की त्याची उडी जमिनीवरच सुरू होते. सूट चढवायचा, वर कंटेनर बांधायचा, आरशासमोर वाकून उभं राहायचं. हात पंखासकट मागे न्यायचा, हँडल चाचपायचं, सोडायचं, पुन्हा पसरायचं. दहा वेळा, वीस वेळा. मग वर गेल्यावर, पंख पसरून उड्डाण स्थिर झालं की दिशा बघायच्या आधी तीच हालचाल पुन्हा दोन-तीनदा, दोन्ही हात एकदम. हँडल प्रत्येक वेळी बोटांना लागलं तर पहिलं वळण घ्यायचं. एकदाही चुकलं तर त्या दिवशीची उडी सरळ रेषेतच ठेवायची आणि नेहमीपेक्षा वरच पॅराशूट उघडायचं.