बातमीची गोष्ट करणं आणि बातमीवरून गोष्ट सुचणं, फरक काय?

पेपरातली बातमी उचलायची, नावगाव बदलायचं, चार संवाद टाकले की झाली कथा, असं नव्याने लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं आणि मग ती साभार परत आली की म्हणतात, अरे पण घटना केवढी जबरदस्त होती! होती ना, पण ती लोकांनी आधीच वाचलीये.

आता विजय तेंडुलकरांचं 'कमला' हे नाटक बघा. 1981 मध्ये इंडियन एक्सप्रेसच्या अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातनं एक बाई चक्क विकत घेतली, का तर बायकांचा बाजार चालतो हे पुराव्यानिशी छापायला. तेंडुलकरांनी त्यावरून हे नाटक लिहिलं. बातमीचीच गोष्ट करायची असती तर दलाल, बोली, सौदा सगळं स्टेजवर आलं असतं. नाटक मात्र घडतं दिल्लीत, पत्रकाराच्या घरात, आणि विकत आणलेली कमला त्याच्या बायकोला, सरिताला, सरळ विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतलं. बातमीत हा प्रश्न येणारच नव्हता, कारण बातमी बाजाराकडे बघत होती आणि तेंडुलकर बातमी आणणाऱ्याकडे (स्वतः पत्रकारिता केलेला माणूस, त्याची नजर तिकडेच जाणार).

घडलंय तेच सांगायचं असेल तर खुशाल सांगा, रिपोर्ताज (खऱ्या घटनेचं गोष्टीसारखं केलेलं वर्णन) लिहा, ते काही हलकं काम नाही, पण मग एकही तपशील पदरचा घालायचा नाही. घोळ होतो तो मधल्या प्रकारात, म्हणजे नाव तेवढं बदललेलं, बाकी गाव, धंदा, महिना सगळं तेच. त्यात कल्पनाही नाही आणि खरेपणाची जबाबदारीही नाही, वर माणूस ओळखू येतो तो वेगळाच ताप.

मला विचाराल तर पहिलं पान सोडा, जाहीर नोटिसा वाचा. "मुलगा आमच्या ऐकण्यात नाही, त्याच्याशी केलेल्या व्यवहारास आम्ही जबाबदार नाही." मुलाने कर्ज काढलं, बापाने नोटीस दिली, ही झाली बातमीची गोष्ट, दोन पानांत खलास. पण वकिलाला मजकूर सांगताना बाप कुठल्या शब्दावर अडला, त्या दिवशी आईने पेपर शेजारी जाऊ दिला का, मुलगा अजून त्याच घरात जेवतोय का, हे छापलेलं नसतं, ते तुम्हालाच रचावं लागतं, आणि ते रचताना नोटीस हळूहळू बाजूला पडते. शेवटी ती पूर्ण काढून टाकली तरी कथा उभी राहते का तेवढं बघायचं, नाही राहिली तर परत लिहायला बसायचं.