यशाची आशा उरली नाही म्हणून चाचणी थांबवणे : एका निर्णयपद्धतीची पार्श्वभूमी

एखाद्या औषधाची वैद्यकीय चाचणी ठरलेल्या मुदतीआधी थांबवण्याची कारणे ढोबळमानाने तीन असतात. औषधाने अपाय होत असल्याचे दिसते. किंवा फायदा इतका स्पष्ट दिसतो की दुसऱ्या गटाला औषधापासून वंचित ठेवणे गैर ठरते. किंवा मग चाचणी शेवटपर्यंत चालवली तरी फायदा सिद्ध होण्याची शक्यता जवळजवळ मावळलेली असते. पहिल्या दोन कारणांत हाती आलेली आकडेवारी काय सांगते, एवढाच प्रश्न असतो. तिसऱ्यात मात्र जी आकडेवारी अजून आलेलीच नाही तिच्याविषयी भाकीत करावे लागते, आणि ते करताना काय गृहीत धरायचे यावरच या पद्धतीतले बहुतेक वाद आजवर झाले आहेत.

या विचाराचे मूळ औषधांत नाही, दारूगोळ्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांच्या गटात काम करणाऱ्या अब्राहम वाल्ड यांनी १९४३ मध्ये क्रमिक विश्लेषणाची पद्धत मांडली. मालाच्या खेपेतील किती नमुने तपासायचे हे आधीच न ठरवता, प्रत्येक नमुन्यानंतर खेप स्वीकारावी, नाकारावी की आणखी एक नमुना पाहावा असा निर्णय घ्यायचा, हे तिचे सूत्र होते. नाकारण्याची सीमारेषा स्वीकारण्याच्या रेषेइतकीच महत्त्वाची होती, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे औषधचाचण्यांत तिचा बराच काळ विसर पडला. (वाल्ड यांचा अंत १९५० मध्ये भारतात, व्याख्यान दौऱ्यावर असताना, निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात झाला.)

ब्रिटनमध्ये पीटर आर्मिटेज यांनी हे गणित वैद्यकाकडे वळवले आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या आराखड्यांत ‘दोन्ही उपचारांत फरक नाही’ असे म्हणून थांबण्याचीही सोय होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एडमंड गेहान यांनी कर्करोगाच्या औषधांच्या प्राथमिक चाचण्यांसाठी एक विलक्षण साधा नियम सुचवला. औषध निदान २० टक्के रुग्णांना गुण देत असेल, तर ओळीने १४ रुग्णांपैकी एकालाही गुण न येण्याची शक्यता ०.८ चा चौदावा घात, म्हणजे सुमारे ०.०४४ इतकी, पाच टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून पहिल्या १४ जणांत कोणालाच गुण आला नाही तर ते औषध तेथेच सोडून द्यावे. कर्करोगाच्या औषधांतील बहुसंख्य उमेदवार कुचकामी निघतात आणि रुग्णांजवळ वाया घालवायला वेळ नसतो, हे पाहता निराशेचा असा रोखठोक नियम पहिल्यांदा याच क्षेत्रात रुजला याचे नवल वाटत नाही. रिचर्ड सायमन यांनी १९८९ मध्ये त्याला दोन टप्प्यांचे अधिक काटेकोर रूप दिले.

मोठ्या, अनेक वर्षे चालणाऱ्या चाचण्यांत मात्र प्रकरण इतके सोपे नव्हते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८,३४१ पुरुषांवर अमेरिकेत १९६६ पासून चाललेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये पाच उपचारांची तुलना प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या बनावट गोळीशी, होत होती. त्यांतील तीन उपचार मुदतीआधीच बंद करावे लागले. इस्ट्रोजेनची मोठी मात्रा १९७० मध्ये आणि डेक्स्ट्रोथायरॉक्सिन त्यानंतर थांबवण्यात आले, ते अपायाच्या चिन्हांमुळे. १९७३ मध्ये इस्ट्रोजेनची लहान मात्रा थांबवताना मात्र अपायाच्या शंकेबरोबर ‘आता फायदा दिसण्याची आशा नाही’ हा विचारही होता. याच प्रकल्पात क्लोफायब्रेट या औषधाने पहिल्या काही पाहण्यांत चांगलीच आशा दाखवली आणि शेवटी पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण औषधाच्या गटात २०.० टक्के, तर प्लासिबोच्या गटात २०.९ टक्के भरले, म्हणजे फरक असा काही उरलाच नाही. अधूनमधून पाहिलेले आकडे दोन्ही दिशांनी फसवू शकतात याचा हा धडा होता. अशा निर्णयांसाठी संशोधकांपासून अलग अशी देखरेख समिती असावी, ही शिफारस बर्नार्ड ग्रीनबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६७ मध्येच केली होती.

सत्तरच्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पोकॉक (१९७७) आणि ओब्रायन व फ्लेमिंग (१९७९) यांनी ठरावीक टप्प्यांवर आकडेवारी तपासण्याचे नियम बसवले. परंतु त्यांचा सगळा रोख फायदा सिद्ध झाल्याचे चुकून जाहीर होऊ नये यावर होता. पाच टक्क्यांची कसोटी पाच वेळा लावली तर चुकीच्या यशाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांपर्यंत जाते, हे आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले होते. अपयशाच्या बाजूला याच्या उलट घडते : दर वेळी ‘थांबावे का’ असे विचारताना खरोखर गुणकारी औषधाला हकनाक बाद करण्याचा धोका वाढत जातो. या बाजूचे गणित १९८२ मध्ये गॉर्डन लॅन, सायमन आणि हॅल्परिन यांनी नीट मांडले. आतापर्यंतचे आकडे हाती धरून, उरलेल्या रुग्णांत अमुक इतका परिणाम दिसेल असे मानले, तर शेवटी यश मिळण्याची शक्यता किती, ही त्यांची राशी पुढे ‘कंडिशनल पॉवर’ या नावाने रूढ झाली. गंमत अशी की हे गणित गाजले ते यशाच्या बाजूने. प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकारावरील औषधाची चाचणी ऑक्टोबर १९८१ मध्ये लवकर थांबवताना, यापुढे काहीच फायदा दिसला नाही तरी निष्कर्ष टिकेल, हे देखरेख समितीने याच विचाराने पडताळले होते.

अपयशाच्या बाजूने ‘अमुक इतका’ म्हणजे किती, हाच कळीचा मुद्दा ठरतो. चाचणी आखताना अपेक्षिलेला परिणाम धरला तर भाकीत उदार होते. आजवर दिसलेलाच परिणाम पुढे चालू राहील असे धरले तर ते कठोर होते. माझ्या मते फायद्याच्या सीमारेषेइतकी अपयशाच्या सीमारेषेला सक्ती असू नये, आणि प्रत्यक्षातही बहुतेक आराखड्यांत ती बंधनकारक नसते, समितीला विवेकाला वाव राहतो.

काही वेळा निर्णय अगदी सरळ असतो. दक्षिण आफ्रिकेत ५,४०७ जणांवर चाललेली एचआयव्ही लशीची ‘एचव्हीटीएन ७०२’ ही चाचणी फेब्रुवारी २०२० मध्ये थांबवल्याचे जाहीर झाले, तेव्हा लस मिळालेल्यांत १२९ आणि प्लासिबो मिळालेल्यांत १२३ जणांना संसर्ग झालेला होता. अशा आकड्यांपुढे भाकिताची कोणतीही रीत लावली तरी उत्तर बदलत नाही. त्याच वर्षी ५ जूनला कोविडवरील उपचारांच्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचा गट बंद झाला. २८ दिवसांतील मृत्यू औषधाच्या गटात २७ टक्के आणि नेहमीच्या उपचारात २५ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही ४ जुलैला आपल्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीतील हा उपचार थांबवला. या चाचणीच्या भारतातील भागाचे समन्वयन पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होते.

कठीण प्रकरण अडुकानुमॅब या अल्झायमर्सवरील औषधाचे. ‘एमर्ज’ आणि ‘एन्गेज’ या एकाच आराखड्याच्या दोन चाचण्यांत मिळून सुमारे ३,३०० रुग्ण होते. यशाची शक्यता २० टक्क्यांखाली गेल्यास थांबावे असा नियम होता, आणि तो लावताना उरलेल्या रुग्णांत दोन्ही चाचण्यांचा एकत्रित परिणामच दिसेल असे मानले गेले. औषधाची कंपनी बायोजेनने २१ मार्च २०१९ रोजी दोन्ही बंद केल्या. पण २०१७ मध्ये काही रुग्णांची मात्रा वाढवण्यात आली होती, आणि पूर्ण मात्रा पुरेसा काळ घेतलेल्यांचे आकडे डिसेंबर २०१८ पर्यंतच्या त्या माहितीत कमी होते. सात महिन्यांनी अधिक माहिती तपासून कंपनीने सांगितले की ‘एमर्ज’मध्ये मोठ्या मात्रेने ऱ्हास सुमारे २२ टक्क्यांनी मंदावला, ‘एन्गेज’मध्ये मात्र तसे काही दिसले नाही. दोन्ही चाचण्या वेगळ्या वाटेने जात असताना त्यांची सरासरी काढून भविष्य वर्तवणे ही या निर्णयातली खरी चूक होती असे मला वाटते. सल्लागार समितीचे मत प्रतिकूल असूनही जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वरित मंजुरी दिली, ती फायद्याची खातरजमा करणारी आणखी एक चाचणी करण्याच्या अटीवर. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने औषध मागे घेण्याचे जाहीर केले आणि ती नवी चाचणीही, या वेळी व्यावसायिक कारणास्तव, अर्ध्यावरच थांबली. त्यामुळे ‘एमर्ज’मध्ये दिसलेला तो परिणाम खरा होता की योगायोग, याचा निर्णय लागलेला नाही.