पिस्टन हाच दरवाजा

नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून यामाहा आरएक्स १०० या टू स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन मांडलं होतं. आईची एकच अट, ग्रीसचे हात पडद्यांना लागता कामा नयेत. हेड, बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी), पिस्टन, रिंगा सगळं एका परातीत मावलं. फोर स्ट्रोक खोललं असतं तर नुसत्या व्हॉल्व्हच्या पसाऱ्यानेच परात भरली असती. इथे मिश्रण आत यायला आणि धूर बाहेर जायला बोअरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि वरखाली करणारा पिस्टन त्या झाकतो, उघडतो.

खरी गंमत मात्र खाली, क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँक नावाच्या दांड्याच्या बंद पेटीत. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या उघडतात आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढतं. थोडक्यात, क्रँककेस हा पंप आहे. ही युक्ती जोसेफ डे या इंग्रज इंजिनिअरने १८९० च्या सुमारास लढवली. आणि सायकलच्या पंपाचा वायसर गेला की जे होतं, तेच ही पेटी हवाबंद राहिली नाही की इथेही होतं.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा. रिंगेच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढी खुंटी असते, रिंगेची फट बरोबर तिच्यावर बसली पाहिजे. रिंग मोकळी फिरली तर तिची टोकं कधीतरी खिडकीसमोर येतील, बाहेर उसळतील आणि काठात अडकून मोडतील. ७५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७५०० फेऱ्यांना, पिस्टन सेकंदाला १२५ वेळा त्या खिडक्यांवरून जाऊन येतो. एकदा अडकली तरी पुरे. पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची सर्कलिप बसवताना क्रँककेसच्या तोंडात धोतराचं फडकं कोंबून ठेवावं. निसटलेली क्लिप आत पडली की शोधत बसा!

हेडचे चार नट मी तिरके, थोडे थोडे करत आवळले. पॅकिंग नवं घातलं. फक्त क्रँकच्या दोन्ही टोकांना पेटी हवाबंद ठेवणारी ऑइल सील जुनीच ठेवली, 'दिसतायत तर बरी' म्हणून. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली, पण रेस सोडली तरी इंजिनचा वेग खाली येईना. प्लग काढला तर टोक पांढरंफटक. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, बाजूचं सील हवा ओढत होतं. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून उष्णता वाढलेली. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर लोखंडी बोअरच्या जवळपास दुप्पट फुगतो आणि मधली जागा असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. तसंच घोडबंदर रोडला पिटाळलं असतं तर पिस्टन जाम झालाच असता. क्लचच्या बाजूचं सील गेलं असतं तर लक्षण वेगळं दिसलं असतं: गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जाऊन पांढऱ्या धुराचे लोट.

मॅग्नेटो उतरवून बांगडीहून लहान असं ते रबरी सील बदललं. आता रेस सोडली की इंजिन शहाण्यासारखं खाली येतं. जुळणी करताना बोअरला चोपडलेलं ऑइल जळेपर्यंत पार्किंगमध्ये धूर झाला, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी धाडकन खिडकी लावून घेतली.