त्या व्हायोलिनमागे सिंथेसायझर नव्हता

‘सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकमधली ती धूसर व्हायोलिनं म्हणजे सिंथेसायझरची करामत’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. कानाला तसं वाटणं साहजिकच आहे. पण त्या काळचे बहुतेक सिंथेसायझर एका वेळी एकच सूर काढत. तेवढ्यावर भरघोस स्वरमेळ उभा राहणार कसा?

ते काम बहुतेकदा मेलोट्रॉनचं. १९६३ पासून इंग्लंडात बर्मिंगहॅमला बनू लागलेलं हे कीबोर्ड वाद्य. त्याच्या एम-४०० या मॉडेलला ३५ पट्ट्या, आणि प्रत्येकीखाली टेपची स्वतंत्र फीत. फितीवर खऱ्याखुऱ्या वादकांचे सूर रेकॉर्ड केलेले. पट्टी दाबली की फीत सरकते, सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. फीत जेमतेम आठ सेकंदांची. संपली की सूर गप्प!

खात्री करायची तर घड्याळ समोर ठेवून ऐका. एकच सूर अखंड दहा-बारा सेकंद टिकला, तर तो मेलोट्रॉन नाही. मात्र मुरलेले वादक स्वरमेळातली बोटं एकेक करून उचलून पुन्हा दाबत, त्यामुळे अख्खा स्वरमेळ मोजू नका, एकच सूर पकडा. मोटरमुळे येणारी किंचित थरथरही ऐकू येते. मला तर तीच आवडते.